हवेवर तरंगणारा टोनआर्म आणि विदर्भातील काळी माती

मूळ ध्वनिमुद्रिका कापणाऱ्या यंत्राची सुई तबकडीच्या कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. घरातल्या टर्नटेबलचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा) मात्र एका टोकाशी खिळलेला असल्याने त्याची सुई कंस काढत आत येते. या दोन वाटांतील फरक दीड-दोन अंशांचाच असतो, पण हवेच्या बेअरिंगचा, म्हणजे हवेच्या पातळ थरावर तरंगणारा, टोनआर्म त्या फरकातूनच जन्मला. स्वीडनचे अभियंते एरिक लोफग्रेन यांनी 1938 मध्ये या चुकीचे गणित मांडून ती कमीत कमी कशी ठेवावी हे दाखवले. पुढे 1948 मध्ये कोलंबियाची बारीक खाचांची लाँग प्ले आणि 1958 मध्ये स्टिरिओ तबकडी आल्यावर ती चूक कानाला अधिक जाणवू लागली.

सरळ रेषेत चालणारे आर्म हवेच्या बेअरिंगआधीही करून पाहिले गेले होते. बँग अँड ओलुफसेनच्या 1972 च्या बिओग्राम 4000 मध्ये आर्मला मोटर पुढे ढकलत असे. पण आर्म थोडा तिरका झाल्यावरच मोटर हलणार, हे त्या रचनेत अटळ होते. घर्षणच नाहीसे केले तर मोटरची गरज उरत नाही. हवेच्या पातळ थरावर दंड तरंगू शकतो हे अमेरिकी अभियंते अल्बर्ट किंग्जबरी यांनी 1897 मध्येच दाखवले होते, तरी घरगुती श्रवणात तो विचार 1980 च्या दशकात रुजला: जपानच्या मायक्रो सेकीने तबकडीखालची जड फिरती थाळी हवेवर उचलली, तर अमेरिकेत ब्रूस थिगपेन यांच्या एमिनंट टेक्नॉलॉजीने टोनआर्म. सीडी बाजारात येत असतानाच हे काम झाले, आणि मला ते तबकडीच्या इतिहासातील सर्वांत निष्ठेचे काम वाटते.

विदर्भातील खेड्यांत चावीचा फोनो आणि लग्नातला लाउडस्पीकर यांच्यामागून कॅसेट आली. त्यामुळे असे यंत्र येथे क्वचितच दिसते. ज्याच्याकडे ते आहे, त्याला सर्वाधिक जपावी लागते ती पातळी. घर्षण नसलेला आर्म किंचित उतारावरही आपोआप घसरू पाहतो आणि त्याचा भार खाचेच्या एकाच भिंतीवर पडतो. आपली काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते, वैशाखात भेगाळते, आणि उथळ पायाचे घर तिच्याबरोबर हलते. म्हणून टर्नटेबलचा ओटा घराच्या फरशीपासून वेगळा ठेवून त्याचा पाया काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत न्यावा, आणि मृगाचा पाऊस मुरल्यावर व पुन्हा ऐन उन्हाळ्यात पाणसळ लावून पाहावी.

दुसरी काळजी कॉम्प्रेसरमधून आर्मला मिळणाऱ्या हवेची. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणि श्रावणात ते भरपूर साचते. तेव्हा पाणी धरणारा सापळा वारंवार रिकामा करावा लागतो. कापसाची तुसे आणि मळणीचा भुसा बेअरिंगची बारीक छिद्रे बुजवतात, म्हणून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी गाळणी हवीच. बेअरिंगला तेल कधीही लावू नये, कारण धूळ त्यालाच चिकटते. शुद्ध अल्कोहोल आणि धागे न सुटणारे फडके पुरते. कॉम्प्रेसर दुसऱ्या खोलीत ठेवून मध्ये हवेची टाकी जोडली, तर त्याचे ठोके आर्मपर्यंत पोहोचत नाहीत.

वीज गेली तर हवेचा थर विरतो, धातू धातूवर टेकतो आणि आर्म जागीच अडकतो. थाळी मात्र काही वेळ फिरत राहते आणि सुईची दांडी ताणली जाते. त्यामुळे भारनियमनाच्या गावी इन्व्हर्टरवर थाळीच्या मोटरपेक्षा आधी कॉम्प्रेसर जोडावा.