युक्रेनमधून आलेल्यांना युरोपात तात्पुरतं संरक्षण: अर्ज नेमका कुठे अडतो?

तात्पुरत्या संरक्षणाचा युरोपीय संघाचा निर्देश (म्हणजे सदस्य देशांसाठीचा कायदा) २००१ चा, बाल्कन युद्धांनंतरचा. पहिल्यांदा लागू झाला तो थेट ४ मार्च २०२२ ला, युक्रेनसाठी. राहण्याचा परवाना, काम, मुलांची शाळा, तातडीचे आणि आजारपणातले आवश्यक उपचार हे सगळं त्यात येतं. छळ झाल्याचं सिद्ध करावं लागत नाही. अडवणूक होते ती तारखेवर आणि कागदावर.

२४ फेब्रुवारी २०२२, म्हणजे रशियाने हल्ला केला त्या तारखेआधी युक्रेनमध्ये राहत होतो आणि त्या दिवशी किंवा नंतर बाहेर पडलो, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. आठवडाभर आधी सुटीवर गेलेल्यांना घ्यायचं की नाही, हे प्रत्येक देशावर सोडलंय. बॉम्ब काही सुट्ट्या बघून पडत नाहीत, पण नियम तसा आहे.

युक्रेनचे नागरिक नसलेल्यांची अडचण मोठी. त्यांच्याकडे युक्रेनचा कायमस्वरूपी वास्तव्य परवाना हवा, शिवाय मायदेशी सुरक्षित परतता येत नाही हेही पटवावं लागतं. युक्रेनने आधीच निर्वासित म्हणून स्वीकारलेल्यांना ही अट नाही. तात्पुरत्या परवान्यावर शिकणारे विद्यार्थी मात्र बाहेरच राहिले. काही देशांनी त्यांना घेतलं, पण ती सक्ती नव्हती.

जोडीदार आणि अविवाहित अल्पवयीन मुलं यांचं त्या मानाने सोपं. नागरिक नसलेल्या इतर जवळच्या नातेवाइकांबाबत मात्र ते एकाच घरात राहत होते आणि पूर्णपणे किंवा मुख्यतः अर्जदारावर अवलंबून होते, हे दाखवा म्हणतात. घरच उरलं नसेल तर त्याचा पुरावा कुठून आणायचा? पत्त्याची नोंद, पैसे पाठवल्याच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, जे असेल ते जोडा आणि प्रत्येकाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

‘तुम्ही आधी दुसऱ्या देशात अर्ज केलाय’ एवढंच कारण देऊन परत पाठवलं, तर गप्प बसू नका. तिथे परवाना मिळालेलाच नसेल तर केवळ त्या कारणाने नकार देता येत नाही, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

४ मार्च २०२७ ही अर्जाची शेवटची तारीख नव्हे. त्या दिवशी संरक्षणाची सध्याची मुदत संपते. परवाना वाढवण्याची रीत मात्र देशागणिक वेगळी. जर्मनीत तो आपोआप वाढवला गेला. चेकमध्ये आधी ऑनलाइन नोंदणी आणि मग प्रत्यक्ष हजेरी, आणि नोंदणीची मुदत हजेरीच्या मुदतीच्या बरीच आधी संपायची. डेन्मार्कला तर हा निर्देश लागूच नाही. तिथे वेगळा कायदा आहे, तेव्हा अर्जही वेगळाच.