मूळनिवासी महिला-निवारा चालवणं (रोझबड, साउथ डकोटा)

घरच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या, अमेरिकेतल्या मूळनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) बायका आणि त्यांची पोरं यांना काही दिवस सुरक्षित ठेवणारी, सरकारी नसलेली आणि बहुतेकदा त्याच समाजातल्या बायकांनी चालवलेली संस्था. 'मूळनिवासी' शब्दाला आपल्याकडे वेगळं राजकारण चिकटलंय, ते इथे अभिप्रेत नाही. 'सुधारगृह' मात्र म्हणू नये, आत आलेल्या बाईने सुधारण्यासारखं काही केलेलं नसतं.

सुरुवात कुठली धरायची यावर बराच घोळ आहे. अमेरिकेत असे निवारे १९७० च्या दशकात उभे राहिले आणि मिनेसोटातल्या सेंट पॉलचा १९७४ चा निवारा बहुतेकजण पहिल्या काहींत मोजतात. रिझर्व्हेशनवरचा, म्हणजे जमातीसाठी राखीव प्रदेशातला, पहिला म्हणून सिचांगू लकोटा या जमातीच्या रोझबड रिझर्व्हेशनवर, मिशन गावातल्या व्हाइट बफेलो काफ वुमन सोसायटीचं नाव येतं, पण साल कुठे १९७७ तर कुठे १९८० दिलेलं दिसतं. सोसायटी १९७७ मध्ये स्थापन झाली आणि निवाऱ्याचं घर १९८० च्या सुमारास उघडलं असं मानलं तर दोन्ही आकडे बसतात, आणि तेच जास्त पटतं. बाकी 'पहिला' शब्द जपूनच वापरावा कारण मार खाल्लेल्या बहिणीला रात्री घरात घेणं संस्था निघायच्या आधीही होतंच, त्याची नोंद कोण ठेवणार.

नाव लकोटा कथेतलं आहे. पांढऱ्या म्हशीचं, म्हणजे बायसनचं, वासरू होऊन जाणारी स्त्री पवित्र चिलीम घेऊन आली तेव्हा तिला दोन शिकारी भेटले, एकाच्या मनात वाईट विचार आला, तो आणि ती यांच्यावर ढग उतरला आणि ढग सरला तर त्याची नुसती हाडं उरली होती. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण त्या माणसाचा गुन्हा विचारातच होता हे बघितलं की निवाऱ्याला हे नाव का दिलं ते कळतं.

संस्थापकांपैकी टिली ब्लॅक बेअर (१९४६–२०१४) यांनी १९७८ मध्ये वॉशिंग्टनला नागरी हक्क आयोगापुढे साक्ष दिली आणि घरगुती हिंसाचाराविरुद्धची राष्ट्रीय आघाडी उभी करण्यातही त्या होत्या.

निवाऱ्याच्या प्रमुख बाईचा खरा वेळ जातो तो अधिकारक्षेत्राच्या भानगडीत. रात्री दोनला फोन आला की पोरं कुठे आहेत हे विचारून झाल्यावर लगेच विचारावं लागतं, मारणारा जमातीत नोंदलेला आहे का आणि घटना रिझर्व्हेशनच्या हद्दीत घडली का, कारण १९७८ च्या ओलिफंट निकालात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की जमातीच्या कोर्टाला बिगर-मूळनिवासी माणसावर फौजदारी खटला चालवता येत नाही. म्हणजे गोरा नवरा असला तर केस मुख्यतः फेडरल (केंद्राच्या) सरकारी वकिलाकडे, आणि तो दूर शहरात. महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या फेडरल कायद्यात २०१३ मध्ये झालेल्या बदलाने थोडी वाट काढली, पण अटी पाळणाऱ्या जमातींपुरती आणि फक्त जोडीदाराची हिंसा व संरक्षण-आदेश मोडणं एवढ्यासाठीच, त्यामुळे अशा नवऱ्याने आईला मारलं तर जमातीत खटला आणि त्याच खोलीत पोराला मारलं तर नाही, अशी विचित्र अवस्था झाली. २०२२ च्या दुरुस्तीत मुलांवरची हिंसा आत घेतली. दुसऱ्या राज्याने जमातीच्या कोर्टाचा संरक्षण-आदेश मानलाच पाहिजे हे १९९४ पासून कायद्यात आहे, तरी एखादा शेरीफ कागद उलटापालटा करत बसला तर फोन करून भांडायचं कामही तिचंच.

पत्ता गुप्त ठेवायचा हा शहरी नियम इथे फारसा चालत नाही. गाव छोटं, पोलीस कुणाचा तरी चुलतभाऊ, स्वयंपाक करणारी बाई आरोपीच्या आईला ओळखणारी, त्यामुळे पत्ता लपवण्यापेक्षा कोण काय बोलतं यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

मुलांसाठी १९७८ चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायदा ('इंडियन' म्हणजे हेच मूळनिवासी) महत्त्वाचा, पोर काढून घ्यायची वेळ आलीच तर आधी नातेवाईक, मग जमात, मग इतर मूळनिवासी घर असा क्रम त्यात आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला.

पैसा मुख्यतः फेडरल अनुदानाचा. कौटुंबिक हिंसा प्रतिबंधाच्या १९८४ च्या कायद्याखालच्या निधीत जमातींचा वेगळा वाटा असतो, तर गुन्हेपीडितांसाठीचा निधी फेडरल खटल्यांच्या दंडातून भरतो, म्हणजे दंड कमी वसूल झाला की निवाऱ्याचं बजेटही आटतं.