ई-जर्नल्स आणि कॉलेज-विद्यापीठांच्या ग्रंथालयांचा संग्रह विकास

ई-जर्नल म्हणजे इंटरनेटवरून वाचायचं संशोधनाचं नियतकालिक. आणि संग्रह विकास म्हणजे ग्रंथालयात काय घ्यायचं, काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं हे ठरवायचं काम. आधी हे काम लायब्ररी कमिटीच्या टेबलावर व्हायचं, विभागप्रमुख याद्या द्यायचे, ग्रंथपाल बजेट बघून त्यावर खुणा करायचा. आता यातला मोठा भाग कॉलेजच्या बाहेर ठरतो, आणि हा बदल नीट समजून घेतल्याशिवाय आजची ग्रंथालयं समजत नाहीत.

छापील जर्नलची वर्गणी वर्षाची, आगाऊ भरायची. अंक पोस्टात गहाळ झाला की रिमाइंडर पाठवायचं, वर्ष संपलं की अंक बाइंडिंगला द्यायचे आणि बाऊंड व्हॉल्यूम रॅकवर. ही कटकट होती खरी, पण पुढच्या वर्षी वर्गणी बंद केली तरी जुने खंड ग्रंथालयाचेच राहायचे, ते कोणी काढून नेत नव्हतं. ई-जर्नलमध्ये बहुतेक वेळा विकत काहीच घेतलं जात नाही, घरभाड्यासारखं असतं ते, भाडं थांबलं की दार बंद. म्हणून करार करताना ज्या वर्षांचे पैसे भरलेत त्या वर्षांचे अंक नंतरही वाचायला मिळणार का, हे कलम आधी बघावं लागतं. पब्लिशरच बंद पडला तर काय, यासाठी स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेलं लॉक्स आणि पोर्टिको अशा जतन करणाऱ्या व्यवस्था आहेत, पण छोट्या कॉलेजच्या करारात त्यांचा उल्लेखही क्वचितच सापडतो.

जर्नलच्या किमती जगभर ग्रंथालयांच्या बजेटपेक्षा भराभर वाढत गेल्या आणि त्यातूनच ग्रंथालयांनी एकत्र येऊन खरेदी करायची कन्सॉर्टियमची पद्धत रुळली. पब्लिशरनीही एकेक जर्नल विकण्याऐवजी आख्खा गठ्ठा विकायला सुरुवात केली, त्यालाच बिग डील म्हणतात. भारतात एकत्र खरेदीचं काम मुख्यत्वे इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे आहे. १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेखाली प्रकल्प म्हणून ते सुरू झालं, १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र झालं, आज ते गांधीनगरला आहे. विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेट, आयआयटीसारख्या तांत्रिक संस्थांसाठी इंडेस्ट, आणि कॉलेजांसाठी एन-लिस्ट अशा वेगवेगळ्या योजना होत्या, २०१५ मध्ये त्या ई-शोधसिंधूत एकत्र आल्या. एन-लिस्टमुळे तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजलाही वर्षाला ५,००० रुपये अधिक जीएसटी एवढ्यात सहा हजारांवर जर्नल्स मिळायला लागली. पूर्वी एवढ्या पैशात परदेशी जर्नलची एक वर्गणीसुद्धा धड बसत नव्हती, त्यामुळे याचं मोल फार मोठं आहे.

घेतलेलं वापरलं जातं का, हे मोजायला काउंटर नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते २००२ मध्ये सुरू झालं आणि त्याची पाचवी आवृत्ती २०१९ पासून लागू झाली. त्यात एकाच लेखावर ३० सेकंदांच्या आत दोनदा क्लिक झालं तर एकदाच मोजतात, आणि एकाच बैठकीत कोणी तोच लेख आधी स्क्रीनवर वाचून मग पीडीएफ उतरवली तर एकूण वापरात ते दोनदा धरतात, पण वेगळ्या लेखांच्या मोजणीत एकदाच. वर्गणीला डाउनलोडने भागलं की एका डाउनलोडचा खर्च निघतो, आणि मग हाच आकडा मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने बोलतो. पण जपून. रसायनशास्त्राच्या विभागात साठ जण संशोधन करतात आणि पाली विभागात तीन, तर पालीचं जर्नल महागच दिसणार, म्हणून ते बंद करायचं का? शिवाय डाउनलोड म्हणजे वाचन नव्हे. ब्रॅडफर्ड या ब्रिटिश ग्रंथपालाने १९३४ मध्येच दाखवलं होतं की एखाद्या विषयातले खूपसे लेख मोजक्याच जर्नल्समध्ये येतात आणि उरलेले पार विखुरलेले असतात, तेव्हा गठ्ठ्यातली बरीच जर्नल्स कोणी उघडत नाही यात नवल काही नाही. न मिळालेल्या लेखांची नोंद, म्हणजे वाचक आला आणि अॅक्सेस नाही म्हणून परत गेला, हा रिपोर्ट मला डाउनलोडच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच फार कमी ठिकाणी काढला जातो.

वापर कमी असण्याची कारणं बऱ्याचदा साधी असतात. विद्यापीठात अॅक्सेस कॅम्पसच्या आयपीवर, म्हणजे तिथल्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावर असतो, मुलं होस्टेल सोडून गावी गेली की संपलं, मग इन्फेडसारखं रिमोट लॉगिन लागतं. कॉलेजात आयडी-पासवर्ड ग्रंथपाल तयार करून देतो, पण पहिल्या वर्षाच्या मुलाला तो मिळतो हेच माहीत नसतं. जिथं ग्रंथपाल वर्गात जाऊन अर्धा तास शोधून दाखवतो तिथं आकडे हलतात, आणि जिथं कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायच्या आधीच फक्त लॉगिन वाटले जातात तिथं हलत नाहीत.

२५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे देशभरच्या सरकारी संस्थांसाठी जर्नल्सची वर्गणी केंद्राने एकत्र भरायची योजना, मंजूर केलं. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० पब्लिशर, जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था आणि सुमारे १.८ कोटी वाचक असा आवाका आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून ते लागूही झालं. खाजगी विनाअनुदानित कॉलेजं यात नाहीत आणि महाराष्ट्रात अशी कॉलेजं भरपूर आहेत, ही मोठी उणीव आहे.

मग ग्रंथपालाच्या हातात निवड कशाची उरली? तर जे कुठल्याच गठ्ठ्यात येत नाही त्याची. वाईहून निघणारं 'नवभारत', मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन', जिल्ह्याजिल्ह्यातली इतिहास मंडळांची नियतकालिकं, यांची वर्गणी कुठलंही कन्सॉर्टियम भरणार नाही. त्यांच्या वापराचा रिपोर्ट कुठल्या सर्व्हरवर निघत नाही, त्यामुळे बजेट कापायची वेळ आली की पहिली काट यांच्यावरच पडते. वर्गणी काहीशे रुपयांची असते आणि एकदा सुटलेला अंक नंतर शोधून मिळत नाही, तेव्हा मराठी आणि इतिहासाच्या विभागांनी या नियतकालिकांची यादी दरवर्षी कमिटीपुढे लेखी ठेवायलाच हवी.