मिश्रभाषांची पार्श्वभूमी

१८६१ साली लंडनमधील व्याख्यानांत भाषाशास्त्रज्ञ मॅक्सम्यूलर यांनी असे मांडले की, शब्द कितीही उसने आले तरी भाषेचे कूळ तिच्या व्याकरणावरूनच ठरते आणि दोन व्याकरणांची मिसळ झालेली भाषा असूच शकत नाही. भाषाशास्त्रज्ञ ह्यूगो शुखार्ट यांनी १८८४ मध्ये याच्या नेमकी उलट बाजू घेतली. पूर्णपणे निर्भेळ अशी एकही भाषा नाही, हे त्यांचे म्हणणे होते. तरीही मिश्रभाषांकडे, म्हणजे दोन भाषांच्या मिसळीतून घडलेल्या आणि एकाच मूळ भाषेपासून फुटलेल्या शाखांच्या वंशवृक्षात न बसणाऱ्या भाषांकडे, दीर्घकाळ मोडकीतोडकी बोली म्हणूनच पाहिले गेले, आणि हा त्या भाषकांवर अन्याय होता.

१९७०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील इक्वादोरमधील साल्सेदो परिसरात भाषाशास्त्रज्ञ पीटर मायस्केन यांना 'मेदिया लेंग्वा', म्हणजे 'अर्धी भाषा', आढळली. 'मी एक मदत मागायला येत आहे' हे तिच्यात 'उनु फाबुरता पिदिन्गाबु बिनिखुनि' असे होते. उनु, फाबुर, पिदि, बिनि ही चारही मुळे स्पॅनिश आहेत. पण कर्म दाखवणारा 'ता', हेतू सांगणारा 'न्गाबु' आणि क्रिया चालू असून कर्ता 'मी' आहे हे कळवणारा 'खुनि' हे सारे प्रत्यय तेथील केचुआ या मूळनिवासी भाषेचे आहेत. सुमारे ९० टक्के शब्द स्पॅनिश असले तरी वाक्याचा सांगाडा केचुआचाच राहतो.

येथे पिजिनशी गल्लत होऊ नये. एकमेकांची भाषा न कळणाऱ्यांनी व्यवहारापुरती जुळवलेली बोली ती पिजिन. मिश्रभाषा घडवणाऱ्या पहिल्या पिढ्यांना मात्र दोन्ही भाषा उत्तम येत असाव्यात. कॅनडातील मेती लोकांची मिचिफ पाहिली की हे पटते. फ्रेंच कातडी-व्यापारी आणि क्री व इतर मूळनिवासी स्त्रिया यांच्या वंशजांच्या या भाषेत नामे फ्रेंच, तर क्रियापदे क्री या मूळनिवासी भाषेची आहेत. क्री क्रियापदात कर्ता, कर्म, काळ एकाच शब्दात गुंफलेले असतात आणि ती गुंफण अर्धवट ज्ञानावर पेलत नाही. शिवाय मिचिफमधील नामाला फ्रेंचचे स्त्री-पुरुष लिंग आणि क्रीचा सजीव-निर्जीव भेद ही दोन्ही वर्गीकरणे एकाच वेळी लागू होतात.

ऑस्ट्रेलियातील काल्करिंजी येथे तर ही घडण जवळजवळ डोळ्यांसमोर झाली. १९७०च्या दशकात तेथील प्रौढ गुरिंजी ही मूळनिवासी भाषा आणि इंग्रजीवर आधारलेली क्रिओल यांत ये-जा करत बोलत, आणि त्यांच्या मुलांनी त्या बोलण्यालाच नियम बांधून दिले: विभक्तिप्रत्यय गुरिंजीचे, क्रियापदाची काळव्यवस्था क्रिओलची. 'गुरिंजी क्रिओल' ही तेथील तरुण पिढीची मातृभाषा आहे.