दोन सर्व्हर, एक डिस्क आणि तिसरं मत

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळमिलपासून तालुक्याच्या पतसंस्थेपर्यंत एक समज पक्का बसलेला आहे: एक सर्व्हर बंद पडू शकतो, म्हणून दोन घ्यावेत, की काळजी मिटली. विकणारेही ‘काम कधीच थांबणार नाही’ अशी हमी बिनदिक्कत देतात. पण दोन सर्व्हरची जोडणी चुकली, तर ते एकापेक्षा जास्त धोक्याचे ठरतात. एक बंद पडला तर काम थांबतं. दोघांनी एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहिलं, तर खातेवहीच नासते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. त्याची ‘हार्डडिस्क’ बहुधा एखादी मोठी फाइल असते. ही फाइल दोन्ही सर्व्हरना दिसेल अशा सामाईक स्टोरेजवर ठेवली, की एक सर्व्हर गेल्यावर दुसरा तेच मशीन सुरू करू शकतो. सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणारं जाळं म्हणजे स्टोरेज नेटवर्क. त्यावर अनेक ठिकाणी आयस्कझी हा प्रोटोकॉल चालतो. ‘अमुक क्रमांकाच्या ब्लॉकवर, म्हणजे डिस्कच्या कप्प्यावर, हे लिही’ असा डिस्कला द्यायचा हुकूम तो नेटवर्कच्या पाकिटात घालून पाठवतो.

इथे मेख आहे. स्टोरेज निमूटपणे हुकूम पाळतं. कोणता ब्लॉक मोकळा आहे, याचा नकाशा सर्व्हर आपल्या मेमरीत ठेवतो. दोन सर्व्हरनी एकच मशीन चालू केलं, तर दोघांकडे दोन नकाशे होतात. एक जण ५००वा ब्लॉक मोकळा समजून त्यात बिल लिहितो, दुसरा त्यावरच पावती लिहितो. चूक झाल्याचा इशारा कुठेच येत नाही.

मग दुसरा सर्व्हर मेला, हे पहिल्याने ओळखायचं कसं? दोघे एकमेकांना सतत ‘मी आहे’ असे छोटे निरोप पाठवतात. निरोप थांबले, तर दोन शक्यता उरतात: समोरचा मेला, किंवा मधली तार तुटली. इकडून पाहता दोन्ही अगदी सारख्याच दिसतात. संगणकशास्त्रात १९७५ साली मांडलेला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ याच जातीचा आहे. निरोप हरवू शकत असेल अशा मार्गावरून दोघांचं एकमत खात्रीने होऊच शकत नाही, हे तिथे सिद्ध होतं. सिद्धताही किती देखणी! समजा, कमीत कमी निरोपांत खात्रीचं एकमत होण्याची एखादी रीत सापडली. तिच्यातला शेवटचा निरोपही हरवू शकतो. म्हणजे त्याच्याशिवायही एकमत व्हायलाच हवं. मग तो निरोप गाळून टाका. रीत आणखी छोटी झाली, पण आपण तर सर्वांत छोटीच घेतली होती! म्हणजे अशी रीत नाहीच. ही अडचण महागड्या केबलने सुटणारी नाही.

एकेरी लोहमार्गावर यासाठी टोकनची युक्ती होती. ड्रायव्हरच्या हाती टोकनचा गोळा पडल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे. समोरून काही ऐकू येत नाही, एवढ्यावर मार्ग मोकळा मानला जात नसे. क्लस्टरमध्ये, म्हणजे अशा जोडलेल्या सर्व्हरच्या गटात, हे काम बहुमत आणि फेन्सिंग मिळून करतात. तीन मतांपैकी दोन ज्याच्याकडे, त्यानेच पुढे जायचं. पुढे जाण्याआधी समोरच्याची वीज तोडायची किंवा स्टोरेजवरचा त्याचा लिहिण्याचा हक्क काढून घ्यायचा, हेच फेन्सिंग. बहुमत गमावलेला सर्व्हर वॉचडॉग नावाच्या टायमरच्या मदतीने स्वतःलाच रिस्टार्ट करतो. सर्व्हर दोनच असतील, तर तिसरं मत रास्पबेरी पायसारखा छोटा संगणकही देऊ शकतो. तो वेगळ्या इमारतीत ठेवा. मिल जळगावला आणि शाखा धुळ्याला असेल, तर धुळ्याला ठेवला तरी चालतो.

आता जोडणी. स्टोरेजसाठी दोन स्वतंत्र स्विच, दोन वेगळे सबनेट (नेटवर्कचे पत्ता-विभाग) आणि सर्व्हरवर मल्टिपाथ, म्हणजे एक वाट तुटली तरी दुसरी चालू राहते. दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर टाकले, तर या खटाटोपाला अर्थ उरत नाही. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) वापरायच्या असतील, तर सर्व्हर, स्विच, स्टोरेज सगळीकडे एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, ९००० बाइट हवा. साधा पिंग, म्हणजे समोरचा पोहोचण्यात आहे का हे पाहणारा निरोप, छोटा असतो, तो गेला म्हणून फसू नका. तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात आयपी आणि आयसीएमपी या प्रोटोकॉलच्या वेष्टनाचे २८ बाइट मिळून बरोबर ९००० होतात.

‘मी आहे’ या निरोपांना मात्र स्वतंत्र तार द्या. तार सामाईक असेल आणि रात्रीच्या बॅकअपने ती भरून गेली, की निरोप उशिरा पोहोचतात आणि धडधाकट सर्व्हर मेला असं समजून रिस्टार्ट केला जातो. रोज ठरावीक वेळी असं घडायला लागलं, की लोक खोलीचा वास्तुदोष काढतात, रॅकची दिशा फिरवतात, लिंबू-मिरची टांगतात. तारीख-वेळेसह सगळं लॉगमध्ये लिहिलेलं असतं. ते बॅकअपच्या वेळेशी ताडून पाहायला दहा मिनिटं पुरतात. खान्देशात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा खोलीच्या दिशेपेक्षा तिथलं तापमान बघा.

हमीपत्रावर सही करण्याआधी विकणाऱ्यासमोरच चाचणी घ्या. एक प्रयोगाचं मशीन चालू ठेवून आधी स्टोरेजची एक तार उपटा. काम अडता कामा नये. मग ‘मी आहे’ निरोपांच्या सगळ्या तारा उपटा. ते मशीन दोन्हीकडे चालू दिसलं, तर पैसे देऊ नका.