भट्टीशिवायची काच : बरण्या-बाटल्या सजवण्याच्या छंदामागची गोष्ट

रिकामी झालेली बरणी, थोडी सुतळी, लेसचा तुकडा, पांढरा गोंद आणि मोकळी दुपार. काच सजवायला एवढं पुरतं. सगळंच हाताशी असलेलं, त्यामुळे हा छंद कालपरवाचा वाटतो. पण घरी बसून काच नटवण्याचं वेड पावणेदोनशे वर्षांपूर्वीही एकदा येऊन गेलं आहे, तेही भलतंच जोरात. त्याआधीची काही हजार वर्षं मात्र हे काम घरात होणं शक्यच नव्हतं, कारण काचेवर काही टिकवायचं तर भट्टी लागायची.

इ.स.पूर्व 1500 च्या सुमारास इजिप्त आणि मेसोपोटेमियात मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच चढवून छोट्या कुप्या बनवत. कुपी गरम असतानाच तिच्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचा धागा गुंडाळायचा आणि टोकदार हत्याराने तो वर-खाली ओढायचा, की लाटांची किंवा पिसांची नक्षी उमटे. शेवटी आतली माती खरवडून काढायची. अशी कुपी अर्थातच सुगंधी तेलाची आणि श्रीमंताघरची. इ.स.पूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर नळीने फुंकून काच फुगवण्याची युक्ती सापडली आणि काचेचं भांडं सामान्यांच्या घरात शिरलं. पण सजावट कारागिराकडेच राहिली. तेराव्या-चौदाव्या शतकात इजिप्त आणि सीरियात मशिदींसाठी जे दिवे घडले, त्यांच्यावरचं सोनं आणि मीनाकाम पुन्हा भट्टीत भाजून पक्कं केलेलं असे. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी तर 1291 मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून उठवून मुरानो बेटावर नेल्या. आगीचं भय होतंच, शिवाय कारागीर आणि त्यांची गुपितं एका बेटावर नजरेखाली राहिली.

भट्टी टाळायचे प्रयत्न खुद्द कारागिरांनीही केले होते. मोठी पसरट ताटली पुन्हा तापवली तर वाकडी होणार, म्हणून सोळाव्या शतकात तिच्यावर सरळ तैलरंगाने चित्रं काढत. आज संग्रहालयांत ही भांडी पाहिली तर रंगाचे पोपडे गेलेले दिसतात. दोष चित्रकाराचा नाही, पृष्ठभागाचा आहे. लाकूड किंवा कागद रंग शोषून घेतो, काच काहीच शोषत नाही. त्यात तिला पाण्याची ओढ असते. हवेतला ओलावा कडेकडेने रंगाखाली सरकतो आणि पकड सुटते. बोटांचा तेलकटपणा राहिला असेल तर आणखी लवकर. बरणी आधी स्पिरिटने पुसून घ्या, असं जो तो सांगतो, ते याचसाठी.

भट्टीला खरा पर्याय दिला तो कागदाने. अठराव्या शतकात चीन-जपानकडच्या लाखकामाच्या वस्तूंनी युरोपला भुरळ घातली होती आणि त्या परवडत नव्हत्या. मग व्हेनिसमध्ये छापील चित्रं कापून फर्निचरवर चिकटवायची आणि वर व्हार्निशचे थरावर थर द्यायचे, अशी नक्कल सुरू झाली. ज्याला आज देकुपाज म्हणतात ते हेच. ते काचेवर यायला आणखी काही दशकं गेली.

1850 च्या दशकात ते आलं आणि फ्रान्स, इंग्लंड, पुढे अमेरिकेतही त्याने धुमाकूळ घातला. नाव होतं पोतिशोमानी. साध्या पारदर्शक काचेचा फुलदाणीसारखा घट घ्यायचा. रंगीत छापील कागदातून फुलं, पक्षी, चिनी माणसं बारीक कात्रीने कापायची. डिंक लावायचा तो चित्राच्या मागच्या बाजूला नाही, चित्रावरच, आणि कागद काचेच्या आतून चिकटवायचा, म्हणजे चित्र बाहेरून दिसेल. हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. मग कागदाच्या पाठीवरून आणि कडांवरून डिंकाचा किंवा व्हार्निशचा हात फिरवायचा. तो चुकला की पुढची सगळी मेहनत वाया, कारण नंतर आतून जो तैलरंग द्यायचा तो कडेखालून झिरपून चित्र डागाळतो. रंग पांढरट, फिकट हिरवा, निळा, ज्या चिनीमातीची नक्कल करायची असेल तसा. वाळल्यावर बाहेरून बघणाऱ्याला काच दिसतच नाही, दिसते ती चिनी किंवा फ्रान्समधल्या सेव्र कारखान्याची चिनीमातीची महागडी फुलदाणी. चित्रांचे छापील ताव दुकानांत तयार मिळत, चिनी शैलीचे, प्राचीन इटलीतल्या इट्रस्कन लोकांच्या शैलीचे. अडचण एवढीच, की अशा फुलदाणीत थेट पाणी ओतायची सोय नाही. आतला रंग आणि कागद दोन्ही हातचे जाणार. फुलदाणी, पण फुलांपुरती निरुपयोगी!

हे वेड नेमकं तेव्हाच का आलं, याची कारणं चक्क बाजारात सापडतात. गोडफ्रॉय एंगेलमन याने 1837 मध्ये फ्रान्समध्ये रंगीत शिळामुद्रणाचं, म्हणजे दगडावरून रंगीत छपाई करण्याचं, पेटंट घेतलं आणि रंगीत चित्रं स्वस्त होत गेली. ब्रिटनमध्ये 1745 साली बसवलेला काचेवरचा कर बरोबर शंभर वर्षांनी, 1845 मध्ये उठला. हा कर वजनावर होता, त्यामुळे जाड, साधी काच उगाचच महाग पडे. कर गेला, काच उतरली. हाताशी वेळ असलेल्या मध्यमवर्गीय स्त्रिया होत्या आणि कृती छापणारी मासिकं होती. माझ्या मते यातलं एक जरी नसतं तरी पोतिशोमानी दिवाणखान्यापर्यंत पोचली नसती. लाट ओसरलीही लवकर. 1860 च्या दशकात ती मागे पडलेली दिसते.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, तिचा सजावटीशी सुरुवातीला काही संबंध नव्हता. न्यूयॉर्कमधल्या जॉन लँडिस मेसनने 30 नोव्हेंबर 1858 ला गळ्यावर आटे असलेल्या काचेच्या बरणीचं पेटंट मिळवलं. फिरकीचं झाकण घट्ट बसू लागलं आणि घरोघरी फळं-भाज्या टिकवायला या बरण्या आल्या. 1903 च्या सुमारास मायकेल ओवेन्सने बाटल्या आपोआप घडवणारं यंत्र चालवून दाखवलं. तिथून पुढे काचेचं भांडं हे आतल्या मालाचं वेष्टन झालं, म्हणजे माल संपल्यावर काय करायचं हा प्रश्न पडण्याइतकं स्वस्त. आजच्या छंदाचा कच्चा माल इथून येतो.

मधल्या काळात अमेरिकेत लोक जुन्या सुरया-बाटल्यांवर पुट्टीचा जाड थर देत आणि तो ओला असताना त्यात बटणं, शिंपले, किल्ल्या, चिनीमातीचे तुकडे रोवत. ही युक्ती मला पोतिशोमानीपेक्षा शहाणी वाटते. गुळगुळीत पृष्ठभागाशी भांडत बसण्यापेक्षा तो झाकूनच टाकला, प्रश्न मिटला. कारखान्यांना मात्र तेवढी अक्कल सुचली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साच्यातल्या स्वस्त काचेवर लाल आणि सोनेरी रंग न भाजता फासून वस्तू विकल्या गेल्या. धुता धुता रंग निघून गेला.

चिकटवण्याचा प्रश्न सुटला तो रसायनशाळेत. जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे याने 1912 मध्ये पॉलिव्हिनाइल ॲसिटेट शोधलं. आपण सरसकट फेव्हिकॉल म्हणतो त्या पांढऱ्या गोंदाचा हा पाया. ओला असताना दुधासारखा, वाळला की पारदर्शक, आणि डिंकासारखा कडक होऊन तडकत नाही. 1950 च्या दशकात पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आले. 1967 मध्ये जॅन वेटस्टोन या अमेरिकन बाईंनी गोंद आणि वरचा लेप एकाच बाटलीत आणणारं मॉड पॉज तयार केलं. व्हार्निशचे थर देत दिवस घालवायची गरज संपली.

2010 मध्ये पिंटरेस्ट हे चित्रं जमवून इतरांना दाखवायचं संकेतस्थळ सुरू झालं आणि सुतळी गुंडाळलेल्या बरण्यांची चित्रं जगभर फिरू लागली. लाट पुन्हा आली खरी, पण तिची दिशा मला उलटी दिसते. पोतिशोमानीची सारी कसरत काच आहे हे लपवण्यासाठी होती. बघणाऱ्याला फसवता आलं तर काम जमलं. आता बरणीचे आटे, तळाचे उठावदार आकडे, कारखान्याचं नाव मुद्दाम उघडं ठेवतात. सुतळी गळ्यापुरती, लेस कमरेपुरती. ही टाकाऊ बरणी होती हे कळलंच पाहिजे, त्यातच कौतुक. तेव्हा श्रीमंतीची नक्कल व्हायची, आता काटकसर मिरवली जाते. ती नेहमी खरी असते असं नाही, कारण मुद्दाम जुनाट दिसणाऱ्या नव्याकोऱ्या बरण्याही विकत मिळतात.

काही मर्यादा तशाच आहेत. कागद आणि सुतळी लावलेल्या बरणीत मेणबत्ती लावणं धोक्याचं, म्हणून तिथे बारीक एलईडी माळा आल्या. पांढऱ्या गोंदाचं काम भिजलं की पुन्हा दुधाळ होऊन सुटतं. धुण्याजोगी सजावट हवी असेल तर घरच्या ओव्हनमध्ये भाजायचे काचरंग मिळतात. त्यातले काही 160 अंश सेल्सिअसवर पक्के होतात. बरणी ओव्हन थंड असतानाच आत ठेवायची आणि बंद केल्यावर आतच निवू द्यायची, नाहीतर तडकते. आणि हे रंग पेल्याच्या काठाला, ओठ लागतो तिथे, लावायचे नाहीत.