अबू धाबी २०२१: एका फेरीच्या वादामागचा इतिहास

१२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबीच्या यास मरीना सर्किटवर फॉर्म्युला वनच्या मोसमातील बाविसावी आणि शेवटची शर्यत सुरू झाली, तेव्हा लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन या दोघांच्याही खात्यावर ३६९.५ गुण होते. यातील अर्धा गुण बेल्जियममधल्या स्पाच्या पावसाचा होता. तिथे केवळ सेफ्टी कारमागे (धोका असताना सर्वांत पुढे संथ धावून बाकीच्या गाड्यांना आपल्यामागे रांगेत ठेवणारी गाडी) फेऱ्या काढून शर्यत आटोपली आणि सर्वांना निम्मे गुण मिळाले. सिल्व्हरस्टोन आणि मॉन्झा येथे हे दोघे एकमेकांवर आदळलेही होते.

पूर्वी विजेतेपदाचे वाद चालकांच्या टकरींतून उद्भवत. १९८९ आणि १९९० मध्ये सुझुकाला प्रोस्त आणि सेना भिडले. १९९७ मध्ये हेरेझला व्हिलनेव्हला धडक दिल्याबद्दल मायकेल शूमाकरचे संपूर्ण मोसमातील स्थान रद्द झाले. अबू धाबीत मात्र प्रश्न चालकांचा नव्हताच, तो नियम राबवणाऱ्यांचा होता.

५८ फेऱ्यांच्या या शर्यतीत हॅमिल्टन आरामात पुढे असताना ५३व्या फेरीत निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार बाहेर आली. व्हर्स्टापेनने पिटमध्ये जाऊन नवे, मऊ आणि म्हणून अधिक वेगवान टायर घातले. हॅमिल्टनला तसे करताना आघाडी गमावण्याचा धोका होता, म्हणून तो चौदाव्या फेरीत घातलेल्या कडक टायरवरच राहिला. दोघांच्या मध्ये एका फेरीने मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. त्यांना पुढे जाऊ दिले जाणार नाही, असा संदेश आधी आला. नंतर शर्यत संचालक मायकेल मासी यांनी नेमक्या त्या पाचच गाड्यांना पुढे सोडले आणि ५७व्या फेरीअखेर सेफ्टी कार आत बोलावली. व्हर्स्टापेन आणि तिसऱ्या क्रमांकावरील कार्लोस सेन्झ यांच्यामधल्या, फेरीने मागे पडलेल्या गाड्या मात्र जागच्या जागी राहिल्या. शेवटच्या फेरीत पाचव्या वळणावर व्हर्स्टापेनने हॅमिल्टनला मागे टाकले आणि विजेतेपद पटकावले.

शेवटची मागे पडलेली गाडी पुढे गेल्यावर त्यानंतरच्या फेरीअखेरीस सेफ्टी कारने आत यावे, असे नियम सांगत होता. तो पाळला असता, तर शर्यत सेफ्टी कारमागेच संपली असती. विशेष म्हणजे २०२०च्या ऑक्टोबरमध्ये न्युरबर्गरिंगला सेफ्टी कार लांबल्यावर, सर्वच मागे पडलेल्या गाड्यांना पुढे सोडणे नियमानुसार बंधनकारक आहे, असे स्पष्टीकरण खुद्द मासी यांनीच दिले होते. ते स्पष्टीकरण लक्षात घेता अबू धाबीतील निर्णय माझ्या मते समर्थनीय ठरत नाही. तरीही मासी यांच्यावरील दडपणाचा विचार करायलाच हवा. आधीचे शर्यत संचालक चार्ली व्हाइटिंग यांचे मार्च २०१९ मध्ये मेलबर्नच्या शर्यतीच्या तोंडावर अचानक निधन झाले आणि ती जबाबदारी मासी यांच्यावर आली. त्यातच शर्यत शक्यतो मोकळ्या ट्रॅकवर संपावी, अशी संघांची आधीपासूनची इच्छा होती आणि संघप्रमुख थेट रेडिओवरून संचालकांशी हुज्जत घालू शकत होते. लतिफीवर लोकांनी काढलेला राग मात्र निखालस अन्यायाचा होता.

हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाच्या दोन्ही तक्रारी स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, फेटाळल्या. संघाने अपिलाचा इरादा १६ डिसेंबरला मागे घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मासी यांना पदावरून हटवण्यात आले. मार्चमधील अहवालात एफआयएने, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेने, मानवी चूक मान्य केली, पण मासी यांनी सद्‌हेतूने काम केल्याचे नमूद केले आणि निकाल कायम ठेवला. मागे पडलेल्या गाड्यांबाबतच्या नियमातील ‘एनी’ (कोणत्याही) हा संदिग्ध शब्द बदलून त्या जागी ‘ऑल’ (सर्व) हा शब्द घालण्यात आला.